प्रवासवर्णनातील वाटाड्या

हिमालयाच्या प्रवासवर्णनांना मराठी वाचकाच्या मनात फार दिवसांपासून मानाचे स्थान आहे. दिवाळी अंकांतून, वाङ्मय मंडळांच्या बैठकांतून आणि स्वतंत्र पुस्तकांच्या रूपाने अशी वर्णने अजूनही सातत्याने येत असतात. अलीकडे त्यांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. वाटाड्याच्या सोबतीने हिमालयाच्या आतील दऱ्यांतून आठ-दहा दिवस फिरावयाचे, शक्य तेथे पायी चालावयाचे, खेड्यांतील घरांत मुक्काम करावयाचा आणि तेथील प्राचीन बौद्ध मंदिरे पाहावयाची, अशा सहलींची ही वर्णने होत. हा प्रवास केदार-बदरीच्या यात्रेहून वेगळा, आणि शिखरे चढणाऱ्या गिर्यारोहकाच्या प्रवासाहूनही वेगळा.

अशी बरीच वर्णने वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत हिमशिखरे असतात, नद्या असतात, याकांचे कळप असतात, लोणी व मीठ घातलेल्या चहाविषयी एखादा विनोदही असतो. लेखकाचे सहप्रवासी तर असतातच. परंतु ज्याच्यावाचून यांतले काहीच घडले नसते, तो वाटाड्या जवळजवळ नसतो. असलाच तर पाठीवर ओझे घेऊन हसतमुखाने पुढे चालत असतो. मंदिराचे दार ओलांडताच तो नाहीसा होतो, आणि आतील मूर्ती, चित्रे, देवता व राजे यांविषयी लेखकच अधिकारवाणीने बोलू लागतो. हे ज्ञान त्याला कोठून मिळाले, हे वाचक विचारीत नाही आणि लेखकही सांगत नाही.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न असता तर त्यासाठी या नियतकालिकाची पाने अडविण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे आहे की, वाटाड्याला वगळल्याने प्रवासवर्णन वाङ्मय म्हणूनच उणे होते. त्यातील सत्य पातळ होते आणि त्याबरोबर त्यातील रसही. हे मला दुसऱ्या कोणाच्या लेखनावरून कळलेले नाही. माझ्या स्वतःच्या एका फसलेल्या लेखावरून ते कळले. म्हणून दुसऱ्या कोणावर टीका करण्यापूर्वी त्या लेखाचीच चिकित्सा करणे उचित होईल. तत्पूर्वी आपल्या परंपरेकडे थोडे वळून पाहिले पाहिजे.

काकासाहेब कालेलकरांचे उदाहरण घ्यावे. बेळगावच्या गणेश विद्यालयात व नंतर आमच्या बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात अध्यापन केलेले कालेलकर १९१२ साली हिमालयाच्या वाटेला लागले. या मराठी माणसाने त्या प्रवासाचे वर्णन पुढे गुजरातीत लिहिले आणि दोन्ही भाषांच्या वाचकांनी ते आपले मानले. त्या पायी प्रवासातील प्रमुख स्थळे ही तीर्थे होती. गंगोत्रीचे नाव निघताच भगीरथ, केदारचे नाव निघताच पांडव, वाचकाच्या मनात आपोआप उभे राहतात. स्थळ नवे असते, परंतु कथा जुनी असते. अशा लेखनात वाटाड्या नसला तरी फारसे अडत नाही, कारण लेखक व वाचक या दोघांची समाईक स्मृतीच तेथे वाटाड्याचे काम करीत असते. तीर्थयात्रेच्या वर्णनांतून आपण हिमालयाकडे पाहावयास शिकलो, आणि स्थळ दिसताच त्याची कथा आपल्याला ठाऊक असणार असे गृहीत धरावयासही तेथेच शिकलो.

बौद्ध हिमालयात हे गृहीत टिकत नाही. त्याची पहिली प्रामाणिक नोंद मराठीत धर्मानंद कोसंबी यांनी केली असे मला वाटते. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले कोसंबी काशीत संस्कृताचे अध्ययन करून १९०२ साली नेपाळात गेले, ते बुद्धाचा धर्म तेथे जिवंत सापडेल या आशेने. त्यांची निराशा झाली. ते तेथून बुद्धगयेस व पुढे सिंहलद्वीपास गेले, आणि पाली ग्रंथांचे आपल्या काळातील मोठे पंडित झाले. सयाजीराव महाराजांनी त्यांस दरमहा ५० रुपयांचे साहाय्य दिले, आणि बुद्ध, धर्म व संघ यांवरील त्यांची व्याख्याने याच बडोदे शहरात झाली, हे येथील वाचकांस ठाऊक आहेच. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते ‘निवेदन’ या आत्मचरित्रातील त्यांचे धोरण. आपण काय अपेक्षिले होते आणि काय आढळले, यांतील अंतर ते लपवीत नाहीत. जे समजले नाही ते समजल्यासारखे लिहीत नाहीत.

हिंदीत राहुल सांकृत्यायन यांची योग्यता याहून निराळी. १९२९ ते १९३८ या काळात ते चार वेळा तिबेटात गेले. त्यांना तिबेटी भाषा येत होती. भिंतीवरची अक्षरे ते स्वतः वाचू शकत होते. तरीही १९३४ साली मध्य तिबेटातील विहारांत संस्कृत पोथ्यांचा शोध घेताना गेन्दुन छोफेल हा तिबेटी पंडित त्यांच्यासोबत होता. राहुलजींसारख्या समर्थ प्रवाशालाही सोबत्याची गरज भासली. मग आठ दिवसांच्या रजेवर जाणारे आपण, ज्यांना त्या भाषेतील दहा शब्दही येत नाहीत, आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आणि कोणाच्या जिभेने बोलतो?

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या शाळेतील चौघे शिक्षक व मी असे पाच जण हिमाचल प्रदेशातील स्पिती दरीत जाऊन आलो. सिमल्याहून किन्नौरमार्गे सतलजच्या काठाने वर जात, नाकोचे तळे व तेथील जुनी मंदिरे पाहून आम्ही स्पिती नदीच्या दरीत शिरलो. प्रथम ताबो, मग स्पिती व पिन या नद्यांच्या संगमावर कड्याच्या टोकाला चिकटलेले धनकर, तेथून पायी ल्हालुंग, देमुल, कोमिक व लांगझा, असा क्रम होता. आमचा वाटाड्या त्याच दरीतला, चाळिशीचा गृहस्थ होता. त्याचे नाव मी देत नाही, कारण तशी त्याची इच्छा आहे. नाव छापण्याविषयी मी विचारले तेव्हा तो म्हणाला की, गावात हे काम करणारे अनेक आहेत, एकाचेच नाव कशाला? त्याचे म्हणणे मी मानले. मात्र या लेखातील जी वाक्ये त्याची आहेत ती त्याचीच म्हणून देतो.

ताबोचे मंदिर बाहेरून पाहणाऱ्यास निराश करते. सुमारे ३,२०० मीटर उंचीवरील एका सपाट पट्टीवर मातीच्या, गेरूविरहित, बोडक्या भिंतींच्या काही ठेंगण्या इमारती, एवढेच प्रथमदर्शनी दिसते. शिखर नाही, दगडी कोरीव काम नाही. पश्चिम तिबेटातील गुगे-पुरंगच्या राज्यात, इ.स. ९९६ मध्ये, हे मंदिर उभारले गेले. मुख्य मंदिरातील एका भित्तिलेखात अशी नोंद आहे की, पूर्वज बोधिसत्त्वाने मंदिर बांधल्यावर ४६ वर्षांनी छांगछुब-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला. हा पूर्वज म्हणजे राजर्षी येशे-ओ होय, असे अभ्यासक मानतात. संस्कृत ग्रंथांचे तिबेटी भाषांतर करणारा महापंडित रिंचेन झांग्पो (९५८ ते १०५५) याच राज्यातला, आणि परंपरा ताबोचे नाते त्याच्याशी जोडते. १९०९ साली फ्रांके व १९३३ साली इटालियन पंडित जुझेप्पे तुच्ची यांनी हे मंदिर पाहून त्यावर लिहिले. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौरच्या भूकंपात त्याची हानी झाली. त्यानंतर शेजारी नवे सभागृह उभे राहिले, आणि १९८३ व १९९६ साली दलाई लामांनी येथे कालचक्र दीक्षा दिली. मंदिर हजार वर्षांनंतरही पूजेत आहे.

आत पाऊल टाकले की प्रथम काहीच दिसत नाही. छतातील एका झरोक्यातून येणारा प्रकाश मधोमध पडतो, भिंती काळोखात राहतात. डोळे सरावल्यावर उमगते की, डोक्यापेक्षा वरच्या उंचीवर भिंतींना जोडलेल्या, माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती चहूंकडून आपल्याकडे पाहत आहेत. या मूर्ती ३२ आहेत, आणि मधोमध चार दिशांना चार मुखे केलेला वैरोचन. सारे दालन मिळून वज्रधातुमंडल होते. म्हणजे पाहणारा मंडलाच्या चित्रासमोर उभा नसून त्याच्या पोटात उभा असतो. मूर्तींच्या खाली, उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर, चित्रांची सलग पट्टी धावते. दार पूर्वेला आहे. उजवी घालून प्रदक्षिणा करावयाची, तर प्रथम दक्षिणेची भिंत लागते. तेथे सुधन नावाच्या जिज्ञासू तरुणाच्या यात्रेची कथा आहे. मग पश्चिमेस गाभाऱ्याभोवती फिरून आपण उत्तरेच्या भिंतीशी येतो, आणि तेथे बुद्धाचे चरित्र आहे. आधी शिष्याची कथा, मग गुरूची. मंदिराची चाल ही अशी आहे. ते पाहावयाचे नसून क्रमाने वाचावयाचे आहे, हे मला तेथे उभा असताना कळले नाही. तेथे मला फक्त थंडी व काळोख कळला.

परत आल्यावर मी एक लेख लिहिला. बडोद्यातील मराठी वाङ्मयप्रेमी मंडळींच्या मासिक बैठकीत तो वाचला. लेखाचे नाव होते ‘हिमालयातील अजिंठा’. ताबोला हे बिरूद सर्रास लावले जाते. आमच्या वाटाड्यानेही आम्ही मराठी बोलणारे आहोत हे कळताच ते मोठ्या उत्साहाने उच्चारले होते. मी ते जसेच्या तसे उचलले. मराठी श्रोत्यांपुढे अजिंठ्याचे नाव घेतले की अर्धे काम होते, हे मला ठाऊक होते. नेमके तेच चुकले. अजिंठ्याची लेणी बेसॉल्टच्या कड्यात कोरलेली आहेत. ताबो मातीचे आहे. अजिंठ्याच्या कामाचा पहिला कालखंड इसवीसनापूर्वीचा व दुसरा पाचव्या शतकातील. ताबो त्यानंतर पाच शतकांनी, निराळ्या तांत्रिक संप्रदायाच्या विचाराने उभे राहिले. परंतु खरा भेद याहून मोठा आहे. अजिंठा ओस पडला, विसरला गेला, आणि १८१९ साली एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पुन्हा पडला. ताबो कधी हरवलेच नाही. तेथे किल्ल्या सांभाळणारा भिक्षू आहे, दिवा लावणारा भिक्षू आहे, आणि छायाचित्र घेऊ नका असे सांगणाराही आहे. अजिंठ्याकडे आपण अवशेष म्हणून पाहतो. ताबोला अजिंठा म्हटले की, तेथील जिवंत माणसे एका शब्दात पुसली जातात. वाटाड्याने ते नाव पाहुण्यांच्या सोयीसाठी वापरले होते. मी मात्र त्याचा सिद्धान्त केला.

लेखातील दुसरा दोष अधिक गंभीर होता. उत्तरेच्या भिंतीवरील बुद्धचरित्राचे मी दीड पान वर्णन केले होते: मायादेवीचे स्वप्न, जन्म, गृहत्याग, धर्मचक्रप्रवर्तन. वाचन संपल्यावर टाळ्या पडल्या. आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या बाई सहलीत सोबत होत्या. चहाच्या वेळी त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “सर, हे सगळं आपल्याला दिसलं होतं का? मला तर विजेरीच्या उजेडात थोडे हात आणि वस्त्रांचे काठ दिसले. बाकी लामाजींनी सांगितलं.”

मी काहीतरी उत्तर दिले. परंतु बाईंचे म्हणणे खरे होते. भिक्षूने विजेरी जेथे धरली तेवढा हातभर तुकडा आम्ही पाहिला होता. कोणता प्रसंग कोणता, हे त्याने हिंदीत सांगितले, काही वाटाड्याने अधिक फोड करून सांगितले, आणि उरलेले मी घरी आल्यावर पुस्तकांत वाचले. तीन ठिकाणचे ज्ञान एकत्र करून मी ‘मी पाहिले’ या एका क्रियापदाखाली घातले होते. माझे कोणतेही विधान असत्य नव्हते. असत्य होते ते क्रियापद.

घरी येऊन मी तांबडी पेन्सिल घेतली आणि मुलांचे निबंध तपासतो तसा स्वतःचा लेख तपासला. प्रत्येक वाक्यापुढे खूण केली: हे पाहिलेले, हे ऐकलेले, हे वाचलेले. ताबोवरील जवळजवळ तीन चतुर्थांश वाक्ये ऐकलेली निघाली. पाहिलेली वाक्ये थोडी होती, आणि आश्चर्य असे की तीच उत्तम होती. काळोखात प्रथम मूर्तीचे नुसते तळवे दिसले ते वाक्य, भिंतीच्या मातीत गवताच्या काड्या दिसल्या ते वाक्य. जेथे जेथे मी उसन्या ज्ञानाला स्वतःच्या दृष्टीचा वेष दिला होता, तेथे तेथे भाषा फुगली होती. ‘अलौकिक’, ‘अवर्णनीय’, ‘दिव्य’ ही विशेषणे सगळी त्याच वाक्यांत जमली होती. जे डोळ्यांनी पाहिले त्याला विशेषणांची फारशी गरज पडली नव्हती.

न्यायशास्त्र जाणणाऱ्या वाचकांस येथे प्रमाणविचाराची आठवण होईल. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीला शब्द, म्हणजे विश्वसनीय माणसाचे वचन, हेही स्वतंत्र प्रमाण मानतात. दिङ्नाग व धर्मकीर्ती हे बौद्ध आचार्य मात्र प्रत्यक्ष व अनुमान अशी दोनच प्रमाणे मानतात. या वादात कोणाचा पक्ष घ्यावा हा येथे प्रश्न नाही. दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे: शब्द हे प्रत्यक्ष नव्हे. प्रवासवर्णनकार नेमकी हीच सीमा पुसून टाकतो. तो आप्तवचनाला प्रत्यक्षाच्या खात्यात घालतो, आणि ज्याचे वचन घेतले त्या आप्ताला ओझेवाला म्हणून वाटेत सोडून देतो.

यावर असा आक्षेप येईल की, वाटाड्याचे सांगणे नेहमी खरे असते काय? नसते. रिंचेन झांग्पोने एका रात्रीत १०८ मंदिरे बांधली, अशी कथा आमच्या वाटाड्याने सांगितली. इतिहास म्हणून ती टिकणार नाही; भित्तिलेख तर बांधणी व जीर्णोद्धार यांत ४६ वर्षांचे अंतर सांगतो. परंतु ही कथा त्या दरीतील माणूस सांगतो, आपल्या आजोबांकडून ऐकली म्हणून सांगतो, हे स्वतःच एक मोलाचे सत्य आहे. लेखकाने ती आपल्या नावे सांगितली तर ती चूक ठरते. वाटाड्याच्या नावे सांगितली तर ती साक्ष ठरते. बोलणाऱ्याचे नाव पुसले की त्या कथेची परीक्षा करण्याचा वाचकाचा मार्गच बंद होतो.

दुसरा आक्षेप रसाचा. ‘त्याने सांगितले’, ‘असे ऐकले’ ही पालुपदे पानोपानी आली तर लेखन न्यायालयातील जबानीसारखे रूक्ष होईल, असे म्हणतात. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या वाचकांना जवळच्या असलेल्या गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची येथे आठवण करून द्यावीशी वाटते. १८५८ साली झाशीला वेढा पडला तेव्हा भटजी शहरात होते. तेथील हकीकत आणि इतरत्रच्या ऐकीव हकीकती, दोन्ही त्या पुस्तकात आहेत. ज्या पानांवर ते स्वतः भयभीत होऊन उभे आहेत ती पाने वाचकाला कधी विसरत नाहीत. रस तेथेच आहे. ऐकलेले ऐकलेले म्हणून सांगितल्याने रस आटत नाही. उलट लेखनात दुसरा माणूस येतो, त्याचा आवाज येतो, दोघांच्या समजुतींत अंतर पडते, आणि त्या अंतरातून प्रसंग उभा राहतो. वाटाड्या गेला की प्रवासवर्णनातील संवादच जातो. उरते ते लेखकाचे एकट्याचे भाषण.

भाषेच्या दृष्टीनेही या एकट्या भाषणाचे नुकसान दिसते. माझ्या लेखात मी एका गावाचे नाव ‘लालुंग’ असे लिहिले होते, कारण इंग्रजी फलकावरून मी ते तसे वाचले. वाटेत मी तोच उच्चार केला तेव्हा वाटाड्याने मला थांबवून म्हटले होते, “लाल नाही, ल्हा. ल्हा म्हणजे देव.” ल्हासा या नावात जो ल्हा आहे तोच हा. ल्हालुंग म्हणजे देवांची दरी. तेथील सेरखांग नावाच्या छोट्या मंदिरात मातीच्या मूर्तींची एवढी दाटी आहे की, नावाचा अर्थ आत शिरताच पटतो. ‘ल्ह’ हा उच्चार मराठीस परका नाही. आपली लिपी तो बिनतक्रार लिहिते. तरीही आपण इंग्रजीच्या दारातून जाऊन तो गमावून येतो. स्पिती हे नावही तेथील लोकांच्या तोंडी ‘पिती’ असे येते. आठ दिवस बरोबर चालणाऱ्या माणसाचा उच्चार आपल्या कानावर पडत असताना आपण फलकावर विश्वास ठेवतो. वाटाड्याला ज्ञानाचा अधिकारी न मानण्याचाच हा एक परिणाम आहे.

आता त्या दक्षिणेच्या भिंतीकडे वळतो. लेख तपासून झाल्यावर ती भिंत मला पुन्हा आठवू लागली. सुधनाची कथा ‘गण्डव्यूह’ या महायान सूत्रातील आहे. ताबोच्या चित्रांबरोबर तिबेटी भाषेतील लेखही भिंतीवर लिहिलेले आहेत, आणि १९९५ साली श्टाइनकेल्नर या पंडितांनी ते प्रसिद्ध केले आहेत. सुधन हा श्रेष्ठिपुत्र. बोधिसत्त्वाचे आचरण कसे असावे, हे त्याला जाणून घ्यावयाचे आहे. मंजुश्री त्याला एका भिक्षूकडे पाठवितो. तो भिक्षू आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगतो आणि म्हणतो की, माझे ज्ञान एवढेच, यापुढे अमक्याकडे जा. तो अमका पुढच्याकडे पाठवितो. असे पन्नासांहून अधिक ‘कल्याणमित्र’ सुधनाला भेटतात. त्यांत भिक्षू आहेत आणि राजे आहेत, द्रविड देशातील व्याकरणज्ञ आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, नावाडी आहे, गणिका आहे, वाळूत खेळणारा मुलगाही आहे. प्रत्येक जण आपली मर्यादा सांगतो आणि पुढची वाट दाखवितो.

सुधनाची ही कथा म्हणजे वाटाड्यांच्या सोबतीने केलेला प्रवासच होय. हजार वर्षांपूर्वी ती त्या भिंतीवर अशा जागी काढली गेली की, आत येणाऱ्या प्रत्येकाने प्रथम तिच्याच कडेने चालावे. मी तिच्या कडेने चाललो आणि काहीही न समजता बाहेर आलो. गंमत अशी की, त्याच वेळी ती कथा माझ्यासमोर घडत होती. त्या लेखांपुढे उभे राहून मी वाटाड्याला विचारले होते की, येथे काय लिहिले आहे? तो म्हणाला, “अक्षरं मला वाचता येतात, पण ही जुनी भाषा कळत नाही. लामाजींना विचारा.” भिक्षूने प्रसंग सांगितले. चित्रकार कोठले, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला की, काश्मीरकडचे होते असे म्हणतात, पण ते पुस्तके लिहिणाऱ्यांना विचारा. मी पुस्तकांपाशी आलो. एक जण दुसऱ्याकडे पाठवीत गेला, प्रत्येकाने आपली सीमा मोकळेपणाने सांगितली. आणि मी लेख लिहिला तेव्हा या सर्व सीमा पुसून, सर्वांचे ज्ञान एकट्याच्या नावे जमा केले. संपूर्ण प्रवासात ‘मला ठाऊक नाही’ हे न म्हणणारा माणूस मी एकटाच होतो, आणि मुख्याध्यापक होतो.

म्हणून या प्रकारच्या लेखनाची समीक्षा करताना आपण एक कसोटी लावावी, अशी माझी सूचना आहे. वर्णन सुंदर आहे काय, माहिती बिनचूक आहे काय, हे तर पाहावेच. त्याबरोबर हेही पाहावे की, लेखकाने आपले कल्याणमित्र वाचकाला भेटविले आहेत काय. ज्याने वाट दाखविली, ज्याने दार उघडले, ज्याने विजेरी धरली, तो माणूस पानावर बोलतो काय? फ्रांके १९०९ साली या भागात फिरले तेव्हा पुराणवस्तू खात्याचा छायाचित्रकार पिंडीलाल त्यांच्यासोबत होता, आणि त्याचे नाव आज अभ्यासकांना ठाऊक आहे. परकीय पंडिताच्या ग्रंथात जे टिकू शकले, ते आपल्या ललित लेखनात टिकण्यास काय हरकत आहे? आमच्या वाटाड्याप्रमाणे एखाद्याला नाव नको असेल तर नाव गाळावे. आवाज गाळू नये.

‘गण्डव्यूहा’त एक प्रसंग असा आहे की, तो वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. सुधन फिरत फिरत मुलांना शिकविणाऱ्या विश्वामित्र नावाच्या आचार्यापाशी येतो. इतरांनी निदान आपले थोडेफार ज्ञान सांगितले. हा शाळामास्तर तेवढेही करीत नाही. येथे शिल्पाभिज्ञ नावाचा एक मुलगा आहे, त्याला अक्षरविद्या येते, त्याला विचार, एवढेच तो सांगतो. पन्नासांहून अधिक गुरूंत हा सर्वांत थोडा बोलणारा. तीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेल्या माणसाला त्याचे मोल कळावे.

तो लेख मी पुन्हा लिहिला आहे. त्याचे जुने नाव काढून टाकले. तो आता पूर्वीच्या निम्म्याएवढा आहे, आणि त्यात मी फार थोडा बोलतो. निघण्याच्या दिवशी काझा येथे मोटारीत बसताना वाटाडा म्हणाला होता, “लिहिलंत तर गावाचं नाव तेवढं नीट लिहा.” पहिल्या लेखात मी ते नीट लिहिले नव्हते. आता लिहिले आहे: ल्हालुंग.